मुलाचा खोकला : आधी श्वास मोजा

दिवाळी आटोपली आणि रात्रीचा गारवा वाढू लागला की लहान गावातल्या कोणत्याही दवाखान्यात जा, बाकावर बसलेल्या दहा आयांपैकी सहा-सात जणींच्या मांडीवर खोकणारे मूल असते. तक्रारही ठरलेली. "डॉक्टर, छातीत नुसतं खडखडतंय." "कफ सुकलाय हो, सुटतच नाही." "रात्रभर झोपू देत नाही, काहीतरी कडक द्या." मी या तालुक्याच्या गावी जवळजवळ तीस वर्षे दवाखाना चालवतो. एवढ्या काळात औषधांची नावे बदलली, बाटल्यांचे रंग बदलले, पण आई-वडिलांचे हे बोलणे बदललेले नाही.

त्या बोलण्यामागची काळजी खरी आहे. मात्र ती काळजी बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीला चिकटलेली असते. आपण खोकल्याचा आवाज ऐकतो आणि आवाज जितका मोठा तितका आजार मोठा असे धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुलाच्या जिवाला धोका आहे की नाही हे खोकल्यावरून फारसे कळत नाही. ते कळते श्वासावरून. एवढी एक गोष्ट घराघरात माहीत झाली तर कितीतरी औषधे वाचतील आणि काही मुलेही वाचतील.

खोकला कशासाठी येतो?

खोकला हा रोग नव्हे. तो छातीचा राखणदार आहे. आपल्या श्वासनलिकेला आतून ओलसर अस्तर असते. त्यावर केसाहूनही बारीक तंतू असतात आणि ते धूळ, जंतू व चिकट स्राव सतत वरच्या दिशेने ढकलत असतात. सर्दीच्या विषाणूंमुळे या अस्तराला इजा झाली की तंतूंचे काम मंदावते. मग साचलेली घाण बाहेर टाकायला खोकल्याची मदत घ्यावी लागते. विषाणू काही दिवसांत जातात, पण अस्तर भरून यायला वेळ लागतो. म्हणूनच ताप गेला, नाक थांबले, मूल खेळू लागले, तरी खोकला मागे रेंगाळतो.

किती दिवस रेंगाळतो? २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार निम्म्या मुलांचा खोकला सुमारे १० दिवसांत थांबतो, आणि १० पैकी ९ मुलांचा थांबायला सुमारे २५ दिवस लागतात. आपली अपेक्षा मात्र तीन दिवसांची असते! चौथ्या दिवशी बाटली बदलली जाते आणि सातव्या दिवशी डॉक्टर. तोवर खोकला आपल्या गतीने कमी होऊ लागलेला असतो, आणि श्रेय मिळते शेवटच्या बाटलीला.

बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचेच आहे. प्रत्येक वेळी दोन आठवडे खोकला धरला तर हिवाळाभर "याचा खोकला जातच नाही" असे वाटणारच. त्याचा अर्थ मुलाची प्रतिकारशक्ती संपली असा नाही.

आता कफाविषयी. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला कफ थुंकता येत नाही. तो ते गिळते. गिळलेला कफ उलटीतून पडतो किंवा शौचावाटे जातो, आणि त्यात काही वाईट नाही. तान्ह्या बाळाची "छातीतली खडखड" तर पुष्कळदा छातीतली नसतेच. चोंदलेल्या नाकाचा आवाज पाठीवर ठेवलेल्या हाताला जाणवतो, इतकेच. दूध पाजण्यापूर्वी नाकात साध्या सलाईनचे दोन थेंब टाकले की यातली बरीच खडखड थांबते.

दोन मुले, एक संध्याकाळ

काही वर्षांपूर्वी एकाच संध्याकाळी आलेली दोन मुले मला नेहमी आठवतात. पहिला चार वर्षांचा मुलगा. त्याचा खोकला रस्त्यावरूनच ऐकू येत होता. वडील घाबरेघुबरे. "साहेब, न्यूमोनियाचा टच तर नाही ना? एक्स-रे काढू का?" तोवर चिरंजीव बाकाखालून सरपटत जाऊन दुसऱ्या मुलाचा बिस्किटाचा पुडा घेऊन पळाले होते. श्वास मोजला, मिनिटाला २८. त्याला खोकल्याचे औषध लागणार नव्हते. वडिलांना धीर लागणार होता.

त्यांच्या मागे एक आजी पाच महिन्यांची नात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. बाळ क्वचितच खोकत होते, तेही अगदी बारीक. नंबर मागचा, तक्रारही साधी. "डॉक्टरसाहेब, हिला खोकला काही लई नाही. पण दूध सोडून सोडून पिते, आन् पोट उडतंय." मी बाळाचे झबले वर केले. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. श्वास मोजले, मिनिटाला ६८. त्या मुलीला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून ताबडतोब जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे ऑक्सिजन आणि इंजेक्शने मिळाली आणि सहाव्या दिवशी ती घरी आली. मी आजींना म्हटले, "आजी, निदान तुम्हीच केलंत. मी फक्त आकडा मोजला."

आपल्या गावाकडची "पोट उडणे", "धाप लागणे" ही बोली न्यूमोनियाचे अगदी नेमके वर्णन आहे. जुन्या बायका बाळाच्या खोकल्यापेक्षा पोटाकडे पाहत. मात्र पोट उडते म्हणजे रोग पोटात आहे असे नव्हे. फुप्फुसाला जोर पडल्यामुळे ते पोट हलते. पोटावर चटके देण्याने बाळाला केवळ भाजते. मेळघाटात अशा चटक्यांना 'डंबा' म्हणतात, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत एका महिन्याच्याही आतल्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी आपण वाचली आहे. अशा बाळाला तव्यासमोर नव्हे, दवाखान्यात न्यायचे असते.

श्वास कसा मोजावा?

यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात हे सिद्ध करून दाखवले. गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि सुईणी यांना त्यांनी बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी लावलेले साधे साधन बनवले. या प्रयोगाचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जिथे हे काम झाले तिथे पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. निरक्षर सुईण जे करू शकली, ते हातात मोबाईल असलेल्या आई-वडिलांना अवघड का जावे?

पद्धत अशी. मूल शांत असावे. झोपलेले असेल तर उत्तमच. रडताना, दूध पिताना किंवा अंगात ताप फणफणत असताना मोजू नका, आकडा फसवा येतो. अंगावरचे कपडे वर करून छाती-पोट उघडे करा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून खात्री करा.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा :

* २ महिन्यांपेक्षा लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त
* २ महिने ते १ वर्ष : मिनिटाला ५० किंवा जास्त
* १ ते ५ वर्षे : मिनिटाला ४० किंवा जास्त

सर्दी-खोकला असलेल्या मुलाचा श्वास याप्रमाणे जलद असेल तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेत आलेल्या पुष्कळ मुलांचा न्यूमोनिया तोंडाने द्यायच्या साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो.

याशिवाय काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यास मोजत बसू नये. रात्र असो की पाऊस, थेट मोठे रुग्णालय गाठावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून आवाज येणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, दूध-पाणी अजिबात न घेणे, घेतलेले सगळे उलटून टाकणे, झटके येणे, किंवा मूल मलूल होऊन हाकेला ओ न देणे. दोन महिन्यांखालचे बाळ तर वेगळेच. त्याने नीट दूध ओढले नाही, अंग तापले किंवा गार पडले, एवढेही पुरे. त्याला घरगुती उपायांवर एक तासही ठेवू नका.

बाटलीचे काय?

आता बाटलीकडे वळू. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, जे घडले ते कोणत्याही आई-वडिलांनी विसरू नये. साधा ताप-खोकला झालेल्या मुलांना 'कोल्ड्रिफ' नावाचे पातळ औषध दिले गेले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. वीसहून अधिक मुले दगावली आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. तामिळनाडूत तयार झालेल्या या औषधाच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. त्याची मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे विष गोड असते, रंगहीन असते. ते उद्योगधंद्यांत वापरायचे द्रावण आहे. औषध पातळ करायला लागणाऱ्या शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी ते मिसळले गेले तर चवीवरून किंवा वासावरून आईलाच काय, डॉक्टरलाही कळणार नाही. आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुलांचा बळी गेला आणि तिथली औषधेही भारतातून गेलेली होती.

कारखान्यावर लक्ष ठेवणे हे सरकारचे काम आहे आणि ते चोख व्हायलाच हवे. पण औषध शुद्ध असले तरी खोकल्याच्या पातळ औषधाने लहान मुलांना फारसा फायदा होत नाही, हा खरा मुद्दा आहे. साध्या गोड पाण्याशी तुलना केली तेव्हाही ही औषधे लहान मुलांत सरस ठरल्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. त्यातली काही गुंगी आणतात, काही छातीत धडधड वाढवतात, काही श्वास मंदावतात. औषध दिल्यावर मूल गप्प झोपले की "गुण आला" असे वाटते. पुष्कळदा ती निव्वळ गुंगी असते. आणि राखणदाराला झोपवून चोर जात नाही. केंद्रीय आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सल्ला दिला की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देऊ नयेत.

तेव्हा मेडिकलच्या काउंटरवर जाऊन "खोकल्याची एक बाटली द्या" ही सवय मोडा. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नका. डॉक्टरांनी एखादे औषध दिलेच तर मात्रा बाटलीबरोबरच्या मापानेच द्या, घरातल्या चमच्याने नको. तुमच्या चमच्यात किती मावते हे तुम्हालाही ठाऊक नसते. कोणतेही पातळ औषध चालू असताना मुलाला उलट्या होऊन लघवी कमी झाली तर औषध बंद करून, बाटली सोबत घेऊन, ताबडतोब रुग्णालयात जा.

प्रतिजैविकांचेही तेच. विषाणूंच्या सर्दी-खोकल्यावर त्यांचा काडीचा उपयोग नसतो. ज्या डॉक्टरने तपासून "औषध नको, लक्ष ठेवा" असे सांगितले, त्याने आपले काम केले नाही असे समजू नका. हे सांगायला औषध लिहून देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

घरात काय करावे, काय टाळावे

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध द्यावा. त्याने रात्रीचा खोकला थोडा हलका होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचे बोटसुद्धा चाटवू नका. मधातल्या काही जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून लुळेपणा आणू शकतात. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरणाचे पाणी, तुळस-आल्याचा सौम्य काढा द्यायला हरकत नाही. तान्ह्या बाळाला अंगावरचे दूध, थोडे थोडे पण वारंवार, हेच औषध.

केळे, दही, भात बंद करण्याची गरज नाही. बाळ अंगावर पिते म्हणून आईचे जेवण तोडू नका. तिने ताक प्याल्याने बाळाला कफ होत नाही. आजारी मुलाचे खाणे तोडले तर ते अशक्त होते आणि पुढच्या आजाराला वाट मिळते.

आंघोळीनंतर शेगडीवर वेखंड-ओव्याची धुरी देण्याची आपल्याकडे रीत आहे. आजीची माया मला कळते, पण धूर तो धूरच. चुलीचा, बिडीचा, डासांच्या कॉइलचा धूरही खोकला वाढवतो. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरते. ब्रँडीचे थेंब नकोत. कापूर मुलाच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेल्यास झटके येतात. वाफेसाठी उकळते भांडे मुलाजवळ ठेवू नका. त्यात भाजलेली मुले मी पाहिली आहेत.

हा खोकला निराळा

काही खोकल्यांची मात्र वेगळी दखल घ्यावी लागते. शेंगदाणे, फुटाणे खाताना किंवा चिंचोके खेळताना मुलाला अचानक ठसका लागला आणि नंतर खोकला राहिला, तर वस्तू श्वासनलिकेत अडकली असण्याचा संभव असतो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, म्हणून तो ठसका डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खोकल्याची उबळ थांबतच नाही, शेवटी 'हूप' असा आवाज येतो आणि उलटी होते, हा डांग्या खोकला. लहान बाळ यात हूप न करता एकदम निळे पडते. त्याची लस सरकारी केंद्रात ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळते; पुढे दीड-दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी बूस्टर असतो. न्यूमोकॉकसची लसही २०२१ पासून देशभर मोफत आहे : ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. लसीचे कार्ड काढून तपासा.

दर महिन्याला उठणारा, रात्री किंवा पळताना-हसताना वाढणारा, सुई वाजल्यासारखी शीळ असलेला खोकला बाळदम्याचा असू शकतो. "दमा म्हणू नका हो, पुढे लग्नाला अडचण," असे मला मुलीच्या आईने सांगितले आहे. नाव लपवल्याने रोग लपत नाही. पंपाची सवयही लागत नाही. सालब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या एका चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम औषध असते आणि पंपाच्या एका फवाऱ्यात त्याचा विसावा भाग. ते थेट फुप्फुसात जाते, म्हणून इतके थोडे पुरते. लहान मुलाला पंप स्पेसर आणि मास्क लावून द्यायचा असतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मूल एकदा दाखवाच. बहुतेक वेळा काही निघणार नाही. पण सोबत ताप असेल, वजन घटत किंवा वाढायचे थांबले असेल, किंवा घरात कोणाला क्षयरोग असेल, तर तपासणी टाळू नका. सरकारी दवाखान्यात ती आणि उपचार दोन्ही मोफत आहेत.

लक्षात ठेवा

१. खोकला मोठा म्हणजे आजार मोठा, असे नाही.
२. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६०, ५०, ४० हे आकडे पाठ करा.
३. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध घेत नसेल तर एक क्षणही घालवू नका.
४. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या मनाने खोकल्याची बाटली नको.
५. एक वर्षाखाली मध नको. अंगावरचे दूध आणि लसी चुकवू नका.

आज रात्री घरातले लहान मूल बरे असताना, झोपलेले असताना, एकदा त्याचे श्वास मोजून पाहा. निरोगी श्वास कसा दिसतो हे एकदा डोळ्यांत बसले, की बिघडलेला श्वास ओळखायला कोणाला विचारावे लागणार नाही.